पॅरामॅटा ईल्सने घेतलेली माणसं: एक हंगाम पाहून झाल्यावर

९ मार्च २०२५ला मेलबर्नमध्ये स्टॉर्मने आम्हाला, म्हणजे सिडनीच्या पॅरामॅटा ईल्स या रग्बी लीग क्लबला, ५६-१८ असं हरवलं. सप्टेंबरात, शेवटच्या फेरीत, आम्ही न्यूकासल नाइट्सना ६६-१० असं हरवलं. संघ तोच, हंगाम तोच, मध्ये फक्त सहा महिने गेले. क्लबने घेतलेली नवी माणसं कशी निघाली असं कुणी विचारलं की हे दोन्ही आकडे मला एकदम आठवतात. म्हणून उत्तर जरा सविस्तर द्यावं लागतं.

मी २०१२मध्ये सिडनीला आले आणि तेव्हापासून वेस्टमीडच्या आसपासच राहते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, लेक इथल्याच शाळेत जाते. कॉलेजात मी कबड्डी खेळायचे, डावा कोपरा माझा. त्यामुळे रग्बी लीग मला फार लवकर आपली वाटली. तेरा-तेरा जण, अंगावर धावून येणारा गडी, मांड्यांना मिठी मारून त्याला खाली आणणं. कबड्डीत पकड झाली की गडी बाद. इथे पकडलेला गडी उठतो, बॉल पायाने मागे सरकवतो आणि चढाई पुढे चालू राहते. सहा पकडी झाल्या की बॉल समोरच्यांचा. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं बघता बघता कळत जातं.

मी आले त्या वर्षी ईल्स तळाला होते. पुढच्या वर्षीही तळालाच. आमची शेजारीण टोंगाची आहे, तिनेच मला पहिल्यांदा सामन्याला नेलं आणि वाटेत सांगितलं, "इथे राहतेस ना, मग हाच तुझा संघ." क्लबचं शेवटचं विजेतेपद १९८६चं, हेही तिच्याकडूनच कळलं. त्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंनी एकही ट्राय (समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे बॉल टेकवणं) झाला नाही, आणि कँटरबरीला ४-२ असं हरवून पॅरामॅटा जिंकलं. त्याआधी जॅक गिब्सन प्रशिक्षक असताना १९८१, १९८२, १९८३ अशी सलग तीन विजेतेपदं. पुढे २००१, २००९ आणि २०२२ला अंतिम फेरी गाठली, तिन्ही वेळा हरलो. २०२२चा सामना मी स्वतः पाहिला. पेनरिथ मध्यंतरालाच १८-० पुढे होतं, शेवट २८-१२ असा झाला. परतीच्या ट्रेनमध्ये निळ्या-पिवळ्या जर्सीतली माणसं खचाखच भरली होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

त्या रात्रीनंतर संघ उसवत गेला. रीड माहोनी, आयझाया पापालीई, मराटा निउकोरे, ओरेगन काउफुसी हे चौघे एकाच वेळी गेले. २०२३ला दहावा नंबर, २०२४ला पंधरावा. ब्रॅड आर्थर २०१४पासून प्रशिक्षक होते, त्यांना मे २०२४मध्ये काढलं. ट्रेंट बॅरेट यांनी उरलेला हंगाम कसाबसा निभावला आणि २०२५साठी जेसन रायल्स आले. रायल्स स्वतः प्रॉप, म्हणजे मधून धडका देणारा अवजड गडी, म्हणून खेळलेले आणि मेलबर्नमध्ये क्रेग बेलामींच्या हाताखाली तयार झालेले. तेव्हा २०२४च्या अखेरीस झालेली निवड ही त्यांची पहिली निवड, आणि तिच्याबद्दलच मला बोलायचं आहे.

आधी गेलेल्यांचं सांगते, कारण बाजारातून काय आणलं हे घरातून काय गेलं त्यावरच कळतं. कर्णधार आणि फुलबॅक (सगळ्यात मागे उभा राहणारा गडी) क्लिंट गदरसन ड्रॅगन्सकडे गेला. प्रॉप रेगन कॅम्बेल-गिलार्ड टायटन्सकडे गेला. विंगर, म्हणजे अगदी कडेला खेळणारा, मायका सिवो इंग्लंडला लीड्सकडे. आणि ज्यांचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते दोन तरुण: ब्लेझ तलागी पेनरिथला आणि हाफबॅक, म्हणजे संघाच्या चाली ठरवणारा, ईथन सँडर्स कॅनबराला. गदरसनच्या जाण्यावर लोक फार हळहळले, मीही हळहळले. मैदानात तो सतत बोलायचा, ओरडायचा, हात करून माणसं जागेवर लावायचा. वरच्या रांगांतसुद्धा त्याचा आवाज यायचा. पण नव्या प्रशिक्षकाला फुलबॅकच्या जागी वेग हवा होता, आणि तो निर्णय हंगाम संपल्यावर बरोबर ठरला असं मी मानते. कॅम्बेल-गिलार्डबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. त्याच्याकडे नंतर येते.

आता आलेले. सगळ्यांची यादी देत नाही. ज्यांना मी नीट, पुन्हा पुन्हा पाहिलं त्यांच्याबद्दलच लिहिते.

झॅक लोमॅक्स हे सगळ्यात मोठं नाव. ड्रॅगन्सकडून चार वर्षांच्या करारावर आला, २०२८पर्यंत. उंच, हवेतला बॉल झेलण्यात वाकबगार, गोलवर किक मारणारा, न्यू साउथ वेल्सचा विंगर. त्याला कधी सेंटरला, म्हणजे विंगरच्या आतल्या जागी, खेळवलं, कधी विंगला. माझ्या मते पहिल्या महिन्यांत त्याचं नुकसान तिथेच झालं. विंगवर तो कमालीचा उपयोगी आहे: आपल्या ट्रायलाइनजवळून बॉल घेऊन पहिल्या दोन पकडी तो इतक्या जोरात खेळतो की प्रॉपना उसंत मिळते. लोक विंगरचे ट्राय मोजतात. मी त्याच्या या धावा मोजायचे. पाच जण अंगावर घेऊन, गुडघे उचलत, अजून दोन पावलं, अजून एक. खेळाडू म्हणून त्याला पूर्ण गुण. पण नोव्हेंबरात क्लबने त्याला करारातून मोकळं केलं. रग्बी युनियन, म्हणजे रग्बीचा दुसरा प्रकार, त्याच्या नव्या स्पर्धेत तो जाणार अशी चर्चा होती. पॅरामॅटाच्या संमतीशिवाय २०२८पर्यंत एनआरएलमधल्या (इथली मुख्य रग्बी लीग स्पर्धा) दुसऱ्या क्लबकडे जायचं नाही, ही अट घातली गेली. अट घातली ते योग्यच केलं. तरी चार वर्षांसाठी आणलेला माणूस एका हंगामात गेला, आणि त्याच्या भोवती जी उजवी बाजू उभी करायची होती ती पुन्हा पायापासून रचावी लागणार.

जॉश ॲडो-कार उशिरा आला, बुलडॉग्सनी त्याला सोडल्यावर. मला शंका होती. नुसत्या वेगावर जगणाऱ्या विंगरचं वय तिशीला लागलं की एक दिवस तो वेग अचानक ओसरतो, असं मी पाहिलं आहे. माझी शंका चुकीची निघाली. मेलबर्नबरोबर २०१७ आणि २०२० अशी दोन विजेतेपदं घेतलेला हा माणूस डाव्या कडेला अजूनही मोकळी जागा दिसताच हरणासारखा निघतो, आणि संघात सर्वाधिक ट्राय त्याचेच झाले. त्याहून मला आवडलं ते त्याचं सामन्यानंतरचं वागणं. हरलेल्या सामन्यानंतरही तो कुंपणापाशी येऊन पोरांच्या टोप्यांवर सह्या करत उभा राहायचा. माझ्या लेकीच्या टोपीवर ती सही आहे, आणि टोपी अजून धुतलेली नाही.

पण सगळ्यात चांगली निवड आयझाया इओंगीची, आणि तिच्यावर जरा थांबायलाच हवं.

इओंगी पेनरिथचा. तिथे फुलबॅकच्या जागेवर डिलन एडवर्ड्स, त्यामुळे याने एनआरएलचं तोंड जेमतेम पाहिलं होतं. घेतला तेव्हा फार कुणी बोललं नाही. आमची शेजारीण मात्र त्या दिवशी कुंपणावरून हाक मारून म्हणाली, "बघशील तू, हा पोरगा गदरसनची जागा भरून काढेल." मी म्हटलं, बघू.

मग एका रात्री मी उत्तरेकडच्या टोकाला बसले होते. आमचं स्टेडियम २०१९मध्ये उघडलं, तीस हजारांचं, आणि त्याचे स्टँड इतके उभे चढाचे आहेत की वरच्या रांगेतूनही मैदान अगदी पायाखाली असल्यासारखं दिसतं. समोरच्यांनी पाचव्या पकडीनंतर उंच किक मारली, जिला इथे बॉम्ब म्हणतात. बॉल दिव्यांच्या पातळीच्याही वर गेला आणि क्षणभर दिसेनासा झाला. खाली इओंगी एकटा. त्याच्या दिशेने तीन जण पूर्ण वेगाने धावत आलेले. बरेच फुलबॅक अशा वेळी मागे मागे सरकत राहतात आणि बॉल खाली येईपर्यंत त्यांचा तोल टाचांवर गेलेला असतो. हा तसा सरकला नाही. दोन पावलं मागे गेला, थांबला, आणि मग पुढे येत उडी घेतली. एक गुडघा वर, कोपरं छातीशी जोडलेली, बॉल पोटाशी. झेलला तेव्हा तो हवेत होता आणि धडक बसली तीही हवेतच. खाली पडला, उठला, बॉल पायाने मागे सरकवला. सगळं मिळून चार-पाच सेकंद. माझ्या शेजारचे आजोबा, ज्यांनी अख्ख्या सामन्यात तोंडातून शब्द काढला नव्हता, ते उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

बॉल हातात आल्यावर हा पोरगा सरळ धावत नाही. आधी आडवा सरकतो, समोरच्या पकडणाऱ्याचे पाय कुठे वळतात ते बघतो आणि मग आत घुसतो. कबड्डीत चांगला चढाईपटू कोपऱ्याकडे बघत मध्यावर हात मारतो, अगदी तसं. कोपरा रक्षक म्हणून सांगते, अशा गड्याला धरणं महाकठीण असतं, कारण तुम्ही हललात की चुकलात. बचावात त्याच्या चुका होतात, शेवटच्या माणसाला पकडताना तो कधी कधी उंच जातो आणि गडी हातातून सुटतो. ते शिकवता येतं. झेलण्याची हिंमत शिकवता येत नाही.

जॅक विल्यम्स शार्क्सकडून आला. त्याच्याबद्दल कुणी बातम्या देत नाही, आणि अशी माणसं लागतातच. पकडीमागून पकडी करायच्या, पुन्हा रांगेत उभं राहायचं. डीन हॉकिन्सला घेतलं होतं ते आमचा मुख्य हाफबॅक मोझेस याला काही झालं तर म्हणून, आणि झालं तसंच: मिचेल मोझेसचं पाऊल हंगामाआधीच दुखावलं. पहिले चारही सामने आम्ही हरलो, त्यात टायगर्सविरुद्धचा ३२-६ होता. मग ड्रॅगन्सविरुद्ध, म्हणजे गदरसनच्याच नव्या संघाविरुद्ध, २३-२२ असा पहिला विजय मिळाला आणि तो एक गुण हॉकिन्सच्या फील्ड गोलचा, म्हणजे खेळ चालू असतानाच गोलवर मारलेल्या किकचा, होता. रायल्स यांचा प्रशिक्षक म्हणून पहिला विजय. फक्त त्या एका किकसाठीसुद्धा हॉकिन्सला घेणं वसूल झालं असं मी म्हणेन. ईस्टर मंडेला मोझेस परत आला आणि संघाची चाल लगेच बदलली, हे कुणालाही दिसत होतं.

इथवर चांगलं झालं. आता जिथे कमी पडलो ते.

या निवडीत कडा भरल्या आणि मध्य रिकामा राहिला. लोमॅक्स, ॲडो-कार, इओंगी, तिघेही मागच्या आणि कडेच्या जागांवरचे. आणि त्याच वेळी मधून कॅम्बेल-गिलार्ड गेला. २०२२च्या अंतिम फेरीपर्यंत आम्ही पोहोचलो ते त्याच्या आणि ज्युनिअर पाउलोच्या जोडीवर. एक पडायचा, दुसरा उठायचा. २०२५मध्ये पाउलो बरेचदा एकटा पडला. पाउलो अवजड आहे, हुशार आहे, पकड झालेली असतानाही हात मोकळा करून बॉल पुढच्याला देतो. पण सामन्याच्या साठाव्या मिनिटाला त्याचे हात कमरेवर जायचे, आणि पुढचे वीस मिनिटं ओढणारा दुसरा कुणी नव्हता. मधल्या फळीतला जेमेन हॉपगुड दुखापतीमुळे बाहेर गेला तेव्हा तर ओझं आणखी वाढलं. हंगामात डिलन वॉकरला वॉरियर्सकडून आणलं ते मधल्या भागात चपळाई यावी म्हणून, आणि ती आली. पण चपळाई आली म्हणून मधलं वजन भरून निघालं नाही.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात जुनी, अडचण हुकरची, म्हणजे नऊ नंबरच्या जर्सीची. रीड माहोनी २०२२नंतर गेला. त्याच्या जागी जॉश हॉजसनला कॅनबराकडून आणलं. फार मोठा खेळाडू, पण मानेच्या दुखापतीने काहीच सामन्यांत त्याची कारकीर्द संपली. तेव्हापासून ही जागा आम्ही तात्पुरत्या माणसांवर चालवत आलो.

हुकर म्हणजे काय, हे बघायचं असेल तर एकदा खालच्या रांगेत, मैदानाच्या मध्यरेषेजवळ बसा. मी एकदा बसले. प्रॉप पडतो, अंगावर तीन जण. रेफ्री ओरडतो, तिघे एकेक करून उठतात. प्रॉप दम खात उभा राहतो, बॉल जमिनीवर ठेवतो, टाचेखाली घेऊन मागे सरकवतो. त्याच्या मागे हुकर वाकलेला, बोटं बॉलवर येण्याच्या तयारीत, पण नजर बॉलवर नसते. ती असते समोर उभ्या मार्करच्या, म्हणजे बॉलसमोर पहारा देणाऱ्या गड्याच्या, पायांवर. मार्करचा तोल एका बाजूला गेलेला दिसला तर तो स्वतःच बॉल उचलून घुसतो. तोल सावरलेला असेल तर डावीकडे किंवा उजवीकडे पास, जमिनीवरून, एका झटक्यात. हे सगळं श्वास घ्यायच्या आत. समोरची बचावाची रांग दहा मीटर मागे गेलेली असते, आणि पास अर्धा क्षण उशिरा आला की ती रांग दोन पावलं पुढे आलेली असते. मग मोझेसला बॉल मिळतो तो समोरचा माणूस अंगावर आलेला असतानाच. लोक म्हणतात मोझेस आज खेळला नाही. खरं तर त्याला मिळायला हवी होती ती दोन पावलं हुकरकडेच हरवलेली असतात. असं एका सामन्यात शंभरवर वेळा घडतं.

म्हणून टॅलिन दा सिल्वाला टायगर्सकडून हंगामाच्या मध्यात आणलं तेव्हा मला खरा आनंद झाला. आणि तरुण रायली स्मिथने जे खेळून दाखवलं त्यानेही. हंगामाच्या उत्तरार्धात संघ सुधारला त्याचं श्रेय बरेच जण मोझेसला आणि कडेच्या वेगाला देतात. मी ते या दोन हुकरना देते. पण माझी तक्रार अशी की हे काम जूनपर्यंत थांबायला नको होतं. ऑक्टोबरातच पहिला फोन हुकरसाठी जायला हवा होता, नंतर विंगरसाठी.

ॲडो-कारच्या निवडीला मी चांगलं म्हटलं आणि आता म्हणते विंगर आधी घ्यायला नको होता, यात विसंगती वाटेल. पण सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारावरची मर्यादा, सगळ्या क्लबना सारखाच असतो, आणि तीस जणांच्या मुख्य यादीत पैसे एकदा कडेला गेले की मध्यासाठी उरत नाहीत. या मर्यादेशी आमच्या क्लबने एकदा खेळ केला आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे: २०१६मध्ये बारा गुण गेले, दहा लाख डॉलर दंड झाला. ते वर्ष ज्यांनी पाहिलं त्यांना हिशेब काटेकोर असणं किती गरजेचं आहे हे पुन्हा सांगावं लागत नाही.

करार कसे लिहिले जातात, हाही सुधारण्याचा मोठा भाग आहे. मोझेसचा जोडीदार डिलन ब्राउन याचा करार २०३१पर्यंत जाऊ शकत होता, पण मध्ये बाहेर पडण्याचे पर्याय खेळाडूच्या हातात होते. त्याने तो पर्याय वापरला आणि मार्च २०२५मध्ये न्यूकासलशी दहा वर्षांचा, सुमारे १.३ कोटी डॉलरचा करार केला. त्याला दोष द्यायचा नाही. इतके पैसे आणि इतकी वर्षं कुणी दिली तर आपण काय केलं असतं? पण आमच्या क्लबसाठी त्याचा अर्थ असा झाला की अख्खा २०२५ हंगाम मोझेसच्या शेजारी असा एक माणूस खेळला जो जाणार हे पहिल्या महिन्यातच सगळ्यांना माहीत होतं. तो मनापासून खेळला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तरी स्टँडमध्ये त्याच्या नावाने घोषणा देताना लोकांचा आवाज खाली यायचा. ज्या नाइट्सकडे तो जाणार होता त्यांनाच आम्ही शेवटच्या फेरीत ६६-१० असं हरवलं. घरी सगळे नाचत होते आणि मला मात्र आनंदाबरोबर कुठेतरी टोचत होतं.

त्याच्या जागी २०२६साठी जोना पेझेटला स्टॉर्मकडून घेतलं. फक्त एका वर्षासाठी. २०२७पासून तो ब्रिस्बेनचा. पोरगा गुणी आहे, त्याबद्दल शंका नाही. मोझेसबरोबर त्याची जोडी जमेलही. पण जमायलाच अर्धा हंगाम जातो, आणि जमली की तो निघणार. पुन्हा तेच. मला वाटतं या एका जागेवर क्लबने थोडा कमी नावाजलेला, पण चार वर्षं राहणारा माणूस बघायला हवा होता. मोझेसचं शरीरही आता सारखं कुरकुरतं. २०२५मध्ये आधी पाऊल, मग ओरिजिनच्या, म्हणजे दोन राज्यांमधल्या सामन्यांच्या, शिबिरात पोटरी. त्याच्यामागे कोण, हा प्रश्न पुढच्या वर्षावर ढकलून चालणार नाही.

मधल्या फळीसाठी जॅक द बेलिनला घेतलं, ड्रॅगन्सचा जुना लॉक, वय पस्तिशीला टेकलेलं. एका वर्षाची गरज म्हणून ठीक.

आणि आता तलागी आणि सँडर्स. यावर मी घरात सगळ्यात जास्त बोलते, म्हणून इथेही बोलते. तलागी आमच्या वयोगटांतल्या संघांतून वर आलेला. २०२४मध्ये पहिल्या संघात खेळला आणि दुसऱ्याच वर्षी पेनरिथचा फाइव्ह-एट, म्हणजे हाफबॅकचा जोडीदार, झाला. पेनरिथ आपल्या भागातली पोरं सांभाळून २०२१पासून सलग चार विजेतेपदं घेऊन गेलं. आमच्यापासून ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावरचं गाव. आमच्याकडे पोरं कमी आहेत का? शनिवारी सकाळी इथल्या कुठल्याही मैदानावर जा. माझी लेक लीग टॅग खेळते, म्हणजे पकडीऐवजी कमरेची पट्टी ओढायची. तिच्या मैदानाला लागूनच मुलांचे सामने चालतात. दहा वर्षांची पोरं बॉल पायाने मागे सरकवताना इतकी नीट करतात की मोठ्यांनी बघावं. शेजारणीचा धाकटा त्यांच्यातलाच. तो हुकर आहे. मैदानाच्या कडेला आई-बाप थर्मास घेऊन उभे, लेबनीज, सामोअन, टोंगन, आमच्यासारखे चार-दोन भारतीय. ही सगळी पोरं निळी-पिवळी जर्सी घालून झोपतात.

या पोरांतला एखादा अठराव्या वर्षी वर येतो तेव्हा १ नोव्हेंबरचा नियम त्याच्या दारात उभा असतो. करार संपायच्या वर्षभर आधी, त्या तारखेपासून, दुसरे क्लब उघडपणे बोलणी करू शकतात. म्हणून ऑगस्टमध्येच त्याच्या घरी जाऊन बसायला हवं, फक्त एजंटशी बोलून भागत नाही. विल पेनिसिनीला क्लबने राखलं, आणि बघा तो सेंटरला किती भरवशाचा झाला आहे. तेच तलागीच्या बाबतीत व्हायला हवं होतं. पेनरिथने आमचा तलागी नेला, आम्ही त्यांचा इओंगी आणला. अदलाबदल बरोबरीची झाली असं म्हणता येईल. पण पेनरिथकडे फुलबॅक होता म्हणून त्यांनी इओंगीला जाऊ दिलं. आम्ही तलागीला जाऊ दिलं ते त्याला वेळेवर थांबवू शकलो नाही म्हणून.

गुण द्यायचेच तर २०२४च्या अखेरच्या निवडीला मी पाचपैकी साडेतीन देते. इओंगीसाठी पूर्ण एक, कडेच्या दोघांसाठी मिळून एक, मधल्या हंगामात हुकरची चूक दुरुस्त केली त्यासाठी एक, आणि विल्यम्स व हॉकिन्ससारख्या माणसांसाठी उरलेला अर्धा. दीड गुण कापला तो मधल्या फळीसाठी आणि हातातून गेलेल्या पोरांसाठी. दहा विजय, चौदा पराभव, अकरावा नंबर. पंधराव्यावरून अकरावा. पहिल्या आठात जायला अजून तीन पायऱ्या.

रायल्स यांच्यावर माझा विश्वास बसला आहे. तो शेवटच्या फेरीतल्या मोठ्या विजयामुळे बसला असं नाही. मार्चमध्ये सलग हरत असताना त्यांनी सामन्यानंतरच्या बोलण्यात एकाही खेळाडूचं नाव घेऊन दोष दिल्याचं मी ऐकलं नाही, आणि तरी पुढच्या आठवड्यात जे चुकत होतं ते बदललेलं असायचं. बचावाची रांग मार्चमध्ये तुकड्यातुकड्यांनी पुढे यायची, ऑगस्टमध्ये एकत्र यायला लागली. कबड्डीत साखळी धरतात तशी. साखळीतला एक जरी हात सुटला तरी गडी निघून जातो, हे मी स्वतः खेळून शिकले आहे. अशी साखळी एका हंगामात जुळते तेव्हा सरावाला कुणीतरी रोज पाठीशी उभं असतं.

दोन सीटांचे पुढच्या वर्षाचे पैसे मी गेल्या आठवड्यात भरले. या वेळी सीट बदलून घेतल्या आहेत, उत्तरेच्या टोकावरून मध्यरेषेजवळ, खालून आठव्या रांगेत. लेक रुसली आहे, तिला ट्रायलाइनजवळ बसायचं होतं. शेजारणीच्या धाकट्याला मात्र पहिल्या सामन्याला बरोबर न्यायचं ठरलं आहे. त्याला मी सांगून ठेवलंय, बॉल कुठे चाललाय ते बघू नकोस, ऐंशी मिनिटं नऊ नंबरच्या जर्सीकडे बघ.